तिसरं गॅस्केट

दस्तगीर मिस्त्रीनं गॅस्केट दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं.

"इकडं बगा, रावराणे साहेब." दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर काळा चर पडला होता, आरपार. "हितनं फुटलंय. गेल्या टायमाला हितंच. त्याच्या आदीबी हितंच."

"दिसतंय," मी म्हणालो.

"चौदा महिन्यांत तीन. एवढ्यात माणूस चपला बदलत न्हाई."

कोणी हसलं नाही. महिपती सुतार माझ्या गाडीच्या उघड्या इंजिनाजवळ उभा होता. हात पुसायच्या फडक्यानं तो एकच पाना पुसत होता. पाना केव्हाच स्वच्छ झाला होता.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाचं धड आणि त्याच्यावरचं हेड यांच्यामधे एक पातळ पत्रा बसवलेला असतो. त्याला हेड गॅस्केट म्हणतात. आतला जाळ, पाणी आणि तेल एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तो असतो. गाडी फार तापली की हा पत्रा जळतो. मग तेलात पाणी शिरतं, तेल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं आणि मागून पांढरा धूर येतो. पत्रा स्वस्त असतो, पण बदलायला अर्धं इंजिन उघडावं लागतं. हेड लेथवर नेऊन सपाट करून आणावं लागतं. मग बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमानं आणि ठरलेल्या जोरानं, तीन फेऱ्यांत आवळावे लागतात. त्यात हाताची चूक झाली तर गॅस्केट टिकत नाही.

हे सगळं मला त्या चौदा महिन्यांत कळलं. आणि ती तिन्ही गॅस्केटं महिपतीनं बसवली होती.

"रेडिएटर बगितला," दस्तगीर बोटांवर मोजत म्हणाला. "पाण्याचा पंप नवा टाकला. फॅन फिरतोय. थर्मोस्टॅट बदलला. आता ऱ्हायलं काय? ऱ्हायला बोल्ट आवळणारा."

"मिस्त्री, मी क्रम चुकलो न्हाई," महिपती म्हणाला.

"क्रम न्हाई म्हणत मी. हात म्हणतोय. पन्नास झाली तुला. गेल्या म्हैन्यात कार्बोरेटरचा स्क्रू दोनदा पाडलास का न्हाई?"

महिपतीनं पाना खाली ठेवला.

दस्तगीर माझ्याकडे वळला. "ह्या टायमाची मजुरी नको मला. हे चौथं मी सोता बसिवतो, माझ्या हातानं. टिकलं, तर मग कळलंच. बावीस वर्सं झाली त्येला माझ्याकडं, मला काय बरं वाटतंय व्हय? पर गिऱ्हाईक वैभववाडीस्नं घाट चढून येतंय माझ्या नावावर. टिकलं तर एक तारखेपास्नं ह्येनं इंजिनाला हात लावायचा न्हाई. टायरी काढंल, वंगण घालंल. न्हाईतर दुसरीकडं बगंल."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही.

मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. चौतीस वर्षं खांबावर चढलो. निवृत्त झाल्यावर वैभववाडीला घरी आलो आणि ही पांढरी सेकंडहँड गाडी घेतली. ती कुमुदच्या हट्टानं घेतली. कुमुद म्हणजे माझी बायको. तिचं माहेर घाटावर, कळे गावाजवळ. लग्न होऊन खाली कोकणात आली, पण शेवटपर्यंत आम्हाला 'तुम्ही खालची माणसं' म्हणायची. "तुम्हा खालच्या माणसांना भाकरी थापता येत नाही, नुसतं भाताचं डबकं." भावाकडे जायचं म्हणजे यष्टीत उलट्या होतात, म्हणून तिला गाडी हवी होती. पाच वर्षं आम्ही त्या गाडीतून करूळचा घाट चढलो आणि उतरलो. ती गेली तेव्हा गाडीच्या खणात तिच्या आवळासुपारीची पुडी होती. ती मी काढली नव्हती.

मुलगी पुण्याला असते. ती फोनवर म्हणायची, "बाबा, विकून टाका ती गाडी. दर चार महिन्यांनी आठ-नऊ हजार घालताय तिच्यात. कशासाठी?" मी म्हणायचो, बघू.

कोल्हापुरातल्या त्या गॅरेजमधून बाहेर पडलो आणि यष्टीसाठी रंकाळा स्टँडकडे चालायला लागलो. मागून महिपती आला. तो धापा टाकत होता.

"साहेब, एक मागणं हाय."

"बोल."

"मिस्त्रीनं गॅस्केट बसिवलं, की पैल्यांदा घाट चढताना मला गाडीत बसवून घ्या. मी यष्टीनं खाली येतो. एक दिवस खाडा पडला तर पडू दे."

"त्यानं काय होणार?"

"मला बगायचंय गाडी कुटं तापती. गॅरेजात उभी असताना तापत न्हाई. कोल्हापुरात फिरीवली, न्हाई तापली. मिस्त्रीनं जोतिबाला नेली, न्हाई तापली. तुमीच घाट चढून आला की जळती. म्हंजे घाटातच काय तरी हाय." थोडं थांबून तो म्हणाला, "साहेब, मिस्त्रीचं गॅस्केट टिकलं, तर माझा हात गेला असं ठरंल. मला तर आता माझं मलाच खरं वाटंना झालंय."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

गाडी तयार झाल्यावर मी ती खाली घेऊन आलो. उतरताना काही होत नाही. पुढच्या मंगळवारी सकाळच्या पहिल्या यष्टीनं महिपती वैभववाडीला उतरला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. डब्यात बायकोनं दिलेली भाकरी आणि झुणका होता. मी चहा केला. त्यानं कप उचलला, दोन्ही हातांनी धरला, आणि पिण्याआधी जरा वेळ कपातल्या चहाकडेच बघत राहिला. मग त्याचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं.

"वैनी?"

"हो."

"बगितलं हुतं मी त्यास्नी. एकदा गॅरेजात आलत्या तुमच्यासंगं. मला म्हणाल्या, 'ह्यांना बिल जास्त सांगू नका, दोन दिवस जेवत नाहीत.'"

मला हसू आलं. तिचंच बोलणं होतं ते.

निघालो तेव्हा साडेनऊ झाले होते. मार्चचा शेवट होता, ऊन चांगलंच होतं. महिपती माझ्या शेजारी बसला, वही काढली आणि किलोमीटरचा आकडा लिहून घेतला. करूळला, घाट सुरू होण्याआधी, एका टपरीपाशी मी नेहमी थांबतो. तिथे थांबलो. महिपती मागे लघवीला गेला. मी बॉनेट उघडलं, पाणी बघितलं, बॉनेट लावलं.

"पाणी बरोबर हाय?" त्यानं येऊन विचारलं.

"बरोबर आहे."

"मी बगू?"

"बघितलं मी. बस."

आम्ही चढायला लागलो. करूळचा घाट तेव्हा आतासारखा रुंद नव्हता. ट्रक समोरून आला की एका बाजूला दबून उभं राहावं लागायचं. पहिली तीन-चार वळणं गाडी बरी चढली. महिपतीची नजर सारखी डॅशबोर्डावरच्या काट्याकडे होती. मग काटा मध्याच्या वर सरकला.

"सरकला," तो म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

दोन वळणं झाली. काटा आणखी वर गेला.

"साहेब, दुसऱ्या गियरला लई वडताय का? न्हाई, बरोबर हाय." तो स्वतःशीच बोलत होता. "म्हंजे मिस्त्रीचंबी तापतंय. म्हंजे माझा हात न्हाई." त्याच्या आवाजात मला चक्क आनंद ऐकू आला. मग त्याला त्या आनंदाची लाज वाटली असावी. "थांबवा आता. फुडं नेली तर हेबी जळंल."

मी थांबलो नाही.

"साहेब, थांबवा की. लाल पट्टीला टेकला."

"जाईल गगनबावड्यापर्यंत," मी म्हणालो.

"अवो, न्हाई जायाची. आनी कशाला न्यायची? बगितलं की आपण काय बगायचं ते. थांबवा."

मी पुढे बघत होतो. स्टिअरिंगवर माझी बोटं घट्ट झाली होती. शेजारून त्याचा आवाज येत होता आणि मी तिकडे बघत नव्हतो. कारण त्या जागेवरून तेच शब्द मी आधी ऐकले होते.

मग त्यानं काच खाली केली आणि कान बाहेर काढला. मिस्त्री लोक गाडीचा आवाज ऐकतात तसा ऐकला.

"फॅन फिरंना," तो म्हणाला. "साहेब, फॅन बंद हाय. थांबवा गाडी."

ह्या वेळी त्यानं विनंती केली नाही. हँडब्रेकवर हात ठेवला. मी गाडी कडेला घेतली.

बॉनेटमधून वाफ येत होती. फडकं धरून त्यानं बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या मागे पंख्याच्या दोन वायरी जिथे जोडल्या जातात, त्याला गॅरेजवाले कपलर म्हणतात. प्लास्टिकची बोटभर लांबीची जोडणी. ती सुटून खाली लोंबत होती.

महिपतीनं ती हातात घेतली. बराच वेळ बघितली. अंगठ्यानं बाजूचा खटका दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"हा कपलर मी बसिवलाय," तो म्हणाला. "वैनी गेल्या तवा पैला सैल हुता म्हणून निगाला हुता. म्हणून हा खटक्याचा टाकला. हा धक्क्यानं निगत न्हाई. आपटला तरी निगत न्हाई. खटका दाबून, वडून काढाय लागतो."

माझी नजर त्या खटक्यावर होती.

"टपरीपाशी काढला तुमी."

"हो."

"आनी गॅरेजात यायच्या आदी परत लावता."

"हो."

"तिन्ही टायमाला?"

"तिन्ही."

त्यानं कपलर सोडून दिला. रस्त्याच्या कठड्यावर जाऊन बसला आणि दरीकडे तोंड केलं. मला वाटलं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आज का काढला?" तो तिकडेच बघत म्हणाला. "आज तर मी संगं हुतो."

"दस्तगीरचं गॅस्केटही जळलं असतं तर तुझ्यावरचं बालंट गेलं असतं. मला कुणाला काही सांगावं लागलं नसतं."

"वा," तो म्हणाला. "झकास."

मग तो वळला. "साहेब, दोन म्हैनं झालं मी सकाळी उठल्यावर पाण्याचा तांब्या भरून धरतोय, हालतोय का बगाय. बायकोला सांगितलंय की माझा हात गेला. पोराचं बारावीचं वर्स हाय, त्येला म्हटलं फुडचं शिक्षण आता जमंल असं वाटत न्हाई. झोपेत बोल्ट मोजतोय म्हणती बायको. एक, दोन, तीन, मधला सुटला, परत एक. आनी तुमी हितं खटका दाबत हुता. काय वाईट केलं हुतं मी तुमचं?"

"तू काही केलं नाहीस."

"मग कशापायी?"

मी त्याला सांगितलं. तोवर मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही.

कुमुदला दोन दिवस छातीत जळजळत होतं. पित्त म्हणाली. भावाकडे जायचंच होतं, तर कोल्हापूरला डॉक्टरलाही दाखवू म्हणून निघालो. घाई नव्हती. तिनं सकाळी स्वतः घावणे केले होते. घाटात, आम्ही आता उभे होतो त्याच्या जरा वर, काटा चढला. तिनंच आधी बघितला. "काटा वर गेलाय हो," ती म्हणाली. "थांबवा. परत हजारांचा फटका बसायचा." ती तसं म्हणाली म्हणून मला बरं वाटलं. कारण माझ्याही मनात बिलच होतं. मी थांबलो. बॉनेट उघडलं. इंजिन निवायला चाळीस मिनिटं लागली. मधे एक दूधगाडी थांबली, ड्रायव्हर म्हणाला, काका, बाईंना सोडू का पुढे? मी म्हटलं, नको, होईलच आता. कुमुदही नको म्हणाली. मग आम्ही निघालो. कळ्याच्या पुढे तिनं माझ्या दंडाला धरलं, आणि दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली तेव्हा तिचा हात तसाच होता, पण तिला कळत नव्हतं. डॉक्टर तरुण होता. अर्धा तास आधी आणलं असतं तर, असं म्हणाला आणि पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

"आणि दुसऱ्या दिवशी," मी महिपतीला म्हणालो, "तू मला सांगितलंस की फॅनची वायर सुटली होती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं म्हणालास."

"म्हटलं हुतं," तो हळू म्हणाला.

"चौतीस वर्षं मी तेच काम केलं. सुटलेली वायर शोधायची आणि जोडायची. पावसात, खांबावर, अंधारात. आणि त्या दिवशी चाळीस मिनिटं त्या वायरीपासून हातभर अंतरावर उभा राहून रेडिएटरवर पाणी मारत होतो. खाली वाकून बघितलं नाही."

महिपती कठड्यावरून उठला नाही.

"मला बघायचं होतं," मी म्हणालो, "की न थांबता नेली असती तर पोचली असती का. म्हणून वायर काढून चढवली. काटा लाल पट्टीत, तशीच. दवाखान्याच्या दारापर्यंत."

"मग?"

"पोचली. तिन्ही वेळा पोचली. एकदा धूर निघत होता, एकदा शेवटचा मैल इंजिन खडखडत होतं. पण पोचली. मी दारात गाडी उभी करायचो, घड्याळ बघायचो. चाळीस मिनिटं आधी. तिन्ही वेळा."

"एकदा पोचली तवा कळलं की. परत दोनदा कशापायी?"

"एखाद्या वेळी तरी पोचणार नाही म्हणून."

एक ट्रक आला, आम्हाला बघून हॉर्न वाजवत वर गेला. त्याचा आवाज बरीच वळणं ऐकू येत होता. महिपतीनं डबा आणला, उघडला, भाकरी मोडली. मला दिली नाही. चार घास खाल्ले आणि डबा बंद केला. इंजिन निवल्यावर त्यानं कपलर लावला, टाकीत पाणी भरलं, झाकण फिरवलं.

"चला," तो म्हणाला. "मी चालीवतो."

कोल्हापूरपर्यंत काटा मध्यावर होता.

गॅरेजमधे दस्तगीर एका जीपखाली होता. आमची गाडी बघून बाहेर आला. आणखी दोन कारागीर होते, एक गिऱ्हाईक खुर्चीत पेपर वाचत बसलं होतं.

"काय सापडलं?" त्यानं महिपतीला विचारलं.

"त्यास्नी इचारा."

दस्तगीरनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, मी त्याला बाजूला घेऊन सांगेन. पण महिपतीला त्यानं जे सुनावलं होतं ते बाजूला घेऊन सुनावलं नव्हतं. मी तिथेच उभा राहून सांगितलं. वायर मी काढत होतो, म्हणालो. गाडी मी तापवत होतो. ह्याच्या हाताचा काही दोष नाही. एकाही गॅस्केटचा नाही.

"तुमी?" दस्तगीर म्हणाला. "आपलीच गाडी? कशाला?"

मी कारणही सांगितलं. घाटात सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात. पेपरवाल्यानं पेपर खाली ठेवला. सांगून झालं तेव्हा गॅरेजमधे फक्त कॉम्प्रेसरचा आवाज होता आणि एकानं जाऊन तोही बंद केला.

दस्तगीरनं टोपी काढून कपाळ पुसलं. त्याला माझा राग आला होता आणि तो काढता येत नव्हता. शेवटी तो महिपतीकडे वळला, पण त्याच्या डोळ्यांत बघितलं नाही.

"जीपचं हेड आलंय लेथवरनं," तो म्हणाला. "मी एक फेरी आवळली हाय. सगळं सोड आनी पैल्यापासनं तूच बसीव. माझ्या हाताचं मला खरं वाटंना."

महिपती हात धुवायला गेला. मी दस्तगीरला म्हटलं, ह्या वेळची मजुरी आणि तुमचा सगळा खोळंबा मी भरून देतो. तो म्हणाला, "मजुरीचं ऱ्हाऊ दे. त्येच्या घरला जावा आनी त्येच्या बायकोला हे सांगा. माझ्यानं न्हाई व्हायचं." मी त्याच दिवशी संध्याकाळी गेलो. ते वेगळं. त्या बाईंनी मला आत घेतलं नाही, दारातच ऐकून घेतलं, आणि ते बरोबरच होतं.

आज ह्याला अकरा वर्षं झाली. गाडी त्यानंतर मी सात वर्षं वापरली. गॅस्केट पुन्हा गेलं नाही. महिपती दस्तगीरकडेच राहिला, आणि दस्तगीर थकल्यावर गॅरेज तोच बघायला लागला. माझी गाडी तो घ्यायचा, काम चोख करायचा, बिल बरोबर लावायचा. चहा कधी विचारला नाही.

पण त्या दिवशी दुपारी मी गाडीत बसलो आणि किल्ली फिरवणार, तेवढ्यात तो ओल्या हातांनी खिडकीपाशी आला होता. आत वाकला नाही, सरळ उभाच राहिला, त्यामुळे मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. फक्त शर्ट दिसत होता, सकाळी इस्त्रीचा असलेला.

"एक सांगायचं ऱ्हायलं," तो म्हणाला. "सांगणार नव्हतो. घाटात ठरीवलं हुतं की न्हाई सांगायचं, बसू दे ह्येला असंच."

"सांग."

"वैनी गेल्या त्या दिवशी गाडीत जे गॅस्केट हुतं, ते कंपनीतनं आलेलं हुतं. लाखभर किलोमीटर झालतं त्येला. मीच काढलं. कडा भुगा झाल्या हुत्या, हातात घेतलं तवा तुकडं पडलं. तुमी तीनदा घाट चढला त्यो नव्या गॅस्केटावर. सपाट केलेल्या हेडावर. मी आवळलेल्या बोल्टावर."

मी किल्लीवरचा हात काढला.

"त्या दिवशीची गाडी ती नव्हंच. ती आता कुटं हाय? गॅस्केट भंगारात गेलं, हेडाचा वरचा थर लेथवर गेला. तुमी आनी शंभरदा चढवा, तुमाला त्येचं उत्तर मिळायचं न्हाई. कुणालाच मिळायचं न्हाई."

माझ्या छातीत काहीतरी उचललं गेल्यासारखं झालं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

"म्हणजे थांबलो नसतो तरी पोचली नसती, असंच ना?" मी विचारलं.

त्यानं गाडीच्या टपावर टेकलेला हात काढून घेतला.

"तसं मी म्हटलं न्हाई," तो म्हणाला आणि आत गेला.